पाय मोडलेली अक्षरं

ईशान आणि रिया, हा लेख तुम्ही स्वतः वाचणार नाही. तुमची आई तुम्हाला तो वाचून दाखवील. मेलबर्नला राहून तुम्ही दोघं इंग्रजी भराभर वाचता, पण देवनागरी तुम्हाला अजून दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसते, असं रियानेच मला सांगितलं आहे. मला इंग्रजीत लिहिता आलं असतं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि पुढे सारी वर्षं मी डिचोलीच्या एका शाळेत लहान मुलांना इंग्रजीच वाचायला शिकवलं. पण आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी मराठी लेख मागितला गेला, आणि तुमच्या आईच्या आवाजात तुमच्यापर्यंत यावं असं मलाही वाटलं.

परवा फोनवर रियाने विचारलं, आजी, तू टीचर होतीस म्हणजे नेमकं काय करायचीस? मी म्हटलं, मुलांना वाचायला शिकवायचे. त्यावर ईशान म्हणाला, त्यात शिकवण्यासारखं काय असतं, वाचता तर येतंच.

ईशान, एक करून बघ. दुकानाच्या पाटीकडे पाहा आणि ती वाचायची नाही असं ठरव. तुला जमणार नाही. डोळा पडला की शब्द झालाच. ज्याला वाचता येतं त्याला न येण्याकडे परत जाता येत नाही, आणि ते कसं होतं ते आठवतही नाही. मलाही आठवत नाही. पण मूल त्या अलीकडच्या काठावरून पलीकडे जाताना मी पाहिलेलं आहे, अगदी समोर बसून. इतकी वर्षं पाहूनही अजून अंगावर काटा येतो. त्यातल्या एकाच मुलीची गोष्ट सांगते, कारण ती अलीकडची आहे आणि तिने मला माझंच काम नव्याने दाखवलं.

आधी धंद्यातली गोष्ट थोडक्यात. इंग्रजी अक्षराला नाव असतं आणि आवाज असतो. ‘बी’ हे नाव. ओठ मिटून झटक्यात उघडले की होतो तो आवाज. आपण मुलांना आधी नावं पाठ करायला लावतो आणि मग त्यांनी वाचावं अशी अपेक्षा करतो. पण सी, ए, टी ही नावं कितीही वेगाने म्हटली तरी त्यांचं कॅट होत नाही, सीएटीच होतं. आवाज जोडले तर शब्द होतो. अशा आवाजांवरून वाचायला शिकवण्याला फोनिक्स म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम मात्र स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता करण्यासारखं आहे. पालकांना हे सांगितलं की ते नाराज होतात. त्यांना भिंतीवर लावायला तक्ता हवा असतो आणि दोन महिन्यांत फाडफाड इंग्रजी. एका आजोबांनी तर नातवाला माझ्याकडे आणून सोडताना, जाताजाता त्याला पेपर वाचायला लावा, असं सांगितलं होतं. नातू साडेतीन वर्षांचा होता आणि पेपर खात होता.

आपल्या मुलांची यात एक खास अडचण आहे. मराठीत क ला आपण क च म्हणतो. नाव आणि आवाज एकच. म्हणून ते वेगळे असू शकतात हे त्यांना पटायला वेळ लागतो. शिवाय आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या पोटात एक अ दडलेला असतो. ‘बी’चा आवाज काढ म्हटलं की मूल ‘ब’ म्हणतं, आणि मग ब, ॲ, ट असं जोडताना मध्ये ते अ अडकून बसतात. बॅट समोर असूनही ती ऐकू येत नाही. परदेशातून येणाऱ्या चकचकीत पुस्तकांत यावर अवाक्षर नाही, कारण त्यांच्या मुलांना हे दुखणंच नाही. औषध मराठीच्याच फडताळात आहे. आपण अक्षराचा पाय मोडतो. ब च्या खाली ती छोटी तिरकी रेघ दिली की पोटातला अ निघून जातो आणि उरतो नुसता ब्.

समृद्धी माझ्याकडे आली ती आईचं बोट धरून. सहा वर्षांची व्हायची होती. तिची आई सुलक्षा मूळची दोडामार्गकडची, सातवीपर्यंत मराठीत शिकलेली. बाप महेश आधी खाणीवरचा टिप्पर चालवायचा, आता प्रवासी बस चालवतो. राहतात इथे डिचोलीजवळच्या मुळगावातच, माझ्या घरापासून दोन आळ्या पलीकडे. मुलीला इंग्रजी शाळेत घालायचं हा हट्ट सुलक्षाचा. सासूला ते मान्य नव्हतं. आणि आता शाळेने कळवलं होतं की मुलीला एकही शब्द वाचता येत नाही, जूनमध्ये शाळा उघडताना एकदा वाचून घेऊ, नाही जमलं तर बालवर्गात पुन्हा एक वर्ष बसवू. घरात सासू येता-जाता म्हणत होती, कोंबडीला पोहायला घातलं की असंच व्हायचं. समृद्धीने वेगळंच जाहीर केलं होतं: मैत्रिणी वर गेल्या आणि ती खाली राहिली तर ती शाळेलाच जाणार नाही. सुलक्षाला पोरीची ही गोष्ट जास्त खरी वाटत होती, आणि मलाही.

“टीचर, ह्यां पुस्तक घडाघडा म्हणता,” सुलक्षा म्हणाली. “मगे वाचूक येणा नाय असां कसां म्हणतत?”

समृद्धीने लगेच पुस्तक उघडून वाचून दाखवलं. खणखणीत आवाज, एक चूक नाही, योग्य ठिकाणी पान उलटणं. फक्त तिची नजर बाहेर फणसाच्या झाडावर होती. मी पुस्तक मिटलं आणि त्यातलाच एक शब्द कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवला. ती त्या कागदाकडे पाहत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाज नव्हती, तर मी तिला फसवल्याचा राग होता. घरात आजोबा भजनी. आरत्या, अभंग, श्लोक सगळं तिला एकदा ऐकून पाठ होई. शाळेतलं पुस्तकही तिने तसंच पाठ करून टाकलं होतं. एवढ्या मोठ्या स्मरणशक्तीच्या आड तिचं न वाचणं दोन वर्षं लपून राहिलं.

मी सुलक्षाला एकच अट घातली. रोज मुलीबरोबर तूही बसायचं. माझ्याकडची अर्धी घटका काही कामाची नाही, वाचन मुरतं ते घरी, आणि घरी तूच शिकवणार आहेस. तिचा चेहरा उतरला. इंग्रजी येत नाही तर बसून करू काय, असं तिचं म्हणणं. मी तिला विचारलं, अक्षराचा पाय मोडता येतो का? म्हणाली, तो काय, शाळेत होते तेव्हापासून येतो. म्हटलं, मग झालं तर.

पहिल्या दिवशी आम्ही तिघी पुढच्या दाराच्या सोप्यावर बसलो. आपल्या गोव्यातल्या घरांना दाराबाहेर दोन्ही बाजूंना बसायला बांधीव सोपे असतात, माझा वर्ग तिथेच भरतो. मी इंग्रजी बी काढला, शेजारी मराठी ब काढला आणि त्याचा पाय मोडला. समृद्धी खाली वाकून तो मोडका पाय निरखत राहिली.

“मगे तो चलता कसो?” तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत तिची आई हातातली शेंग सोलता सोलता म्हणाली, “लंगडी घालून.”

समृद्धी उठली, एका पायावर उभी राहिली आणि उडी मारून म्हणाली, ब्. पोटातला अ गळून पडलेला, स्वच्छ ब्. मी इतकी वर्षं मुलांना तोंडावर हात धरायला लावून, मेणबत्तीपुढे फुंकर मारायला लावून जे कसंबसं साधत होते, ते एका उडीत झालं. उडी थांबते तिथे आवाजही थांबतो. दोन पायांवर उभं राहिलं की माणूस ऐसपैस होतो, एका पायावर त्याला अघळपघळ वागता येत नाही. हे मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग अंगणात गेला. मी खडूने लंगडीची घरं आखली. नियम असा ठरला की व्यंजनाच्या घरात एकच पाय, कारण त्याचा दुसरा मोडलेला. ए, ई, आय, ओ, यू या स्वरांच्या घरात मात्र दोन्ही पाय टेकायचे आणि हवा तेवढा वेळ थांबायचं, कारण स्वर धडधाकट असतात. स्, ॲ, ट्. प्, इ, न्. सुलक्षा पदर खोचून लेकीमागून लंगडी घाली. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत. टीचरांकडे शिकवणी म्हणून पाठवलं आणि सून अंगणात उड्या मारते, ही बातमी सासूपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. सुलक्षाने ते मला हसत सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी ती मागच्या वाटेने आली.

समृद्धीला हळूहळू सगळे आवाज येऊ लागले. जोड मात्र लागेना. हीच ती जागा, जिथे शिकवणाऱ्याच्या हातात काही नसतं. आवाज शिकवता येतात. ते ओळीने म्हणायला लावता येतात. पण तीन सुटे आवाज एकदम एक शब्द होणं हे मुलाच्या आत कुठेतरी घडतं आणि ते कसं घडतं, हे मला आजही सांगता यायचं नाही. आपण फक्त जवळ असायचं आणि घाई करायची नाही. समृद्धी म्हणे, प्, ए, न्, आणि मग अंदाजाने सांगे, पंखा.

एके सकाळी मी तीन घरांत बी, यू, एस लिहिलं. तिने एका पायावर ब् म्हटलं, दोन पायांवर अ, पुन्हा एका पायावर स्. थांबली. मागे फिरली आणि परत तेच केलं, या वेळी जरा वेगाने. तिसऱ्यांदा तिने उड्या मारल्याच नाहीत. घरांच्या बाहेर उभी राहून नुसतं पाहिलं. ओठ हलले. आणि ती तिथल्या तिथे, खडूच्या रेघेवर, खाली बसली.

“अगो, फ्रॉक मळतलो, बसलंस कित्याक?” सुलक्षा ओरडली.

समृद्धीने जमिनीकडे बोट दाखवलं. “हयसर ‘बस’ म्हणान लिवलेलां आसा.”

सुलक्षा हसायला लागली. मला हसू आलं नाही. मला म्हणायचं होतं की बाळे, हा इंग्रजी शब्द आहे, तुझा बाबा चालवतो ती बस. मी ते नंतर सांगितलं, आणि दोन्ही अर्थ एकाच शब्दात मावतात याची तिला फार गंमत वाटली. पण त्या घटकेला जमिनीवरच्या मुक्या रेघांनी त्या मुलीला काहीतरी सांगितलं होतं आणि तिने ते ऐकलं होतं. तोंड कोणाचंच उघडलं नव्हतं. माणसाने हे कधी काळी पहिल्यांदा केलं असेल तेव्हा त्यालाही असंच, आहे तिथे बसून घ्यावंसं वाटलं असेल.

ईशान, रिया, तुमच्या दोघांची ही घटका मी पाहिली नाही. तुमच्या आईने एकदा सांगितलं, ईशान वाचायला लागला बरं का, आणि मी म्हटलं, वा. दुसऱ्यांच्या इतक्या मुलांजवळ मी त्या वेळी बसले होते, आणि माझी स्वतःची नातवंडं समुद्रापलीकडे कधी पलीकडच्या काठाला लागली ते मला फोनवर कळलं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मला तेवढं हवं होतं, इतकंच.

त्यानंतर समृद्धी सुटली. आमच्या मुळगावात खाणींची तांबडी धूळ असते, पुसावी तितकी परत बसते. त्या धुळीत ती बोटाने लिहीत सुटली, खिडकीच्या गजांवर, शेजाऱ्यांच्या स्कूटरवर, बापाच्या बसच्या मागच्या काचेवर. साबणाचं वेष्टन, औषधाची बाटली, जे सापडेल त्यावर तिच्या उड्या सुरू. सुलक्षा रोज दारात रांगोळीने तीन अक्षरं काढून ठेवी आणि मुलीने ती वाचल्याखेरीज तिला उंबरा ओलांडू देत नसे. सासू रांगोळी वाचवत बाजूने जाई आणि काही बोलत नसे, ही मोठी प्रगती होती.

मग एक दिवस समृद्धी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती आईने ओढत आणलेली. सोप्यावर बसली, भिंतीकडे तोंड करून. मी खडू पुढे केला, तिने घेतला नाही.

झालं होतं असं. महेशने तिला बसच्या पुढच्या बाजूला नेऊन, मोठ्या अभिमानाने, पाटी वाचायला सांगितली होती. तिने एकेक आवाज लावून, घाम गाळून, नीट वाचलं: बिचोलिम. आणि विचारलं, बिचोलिम कुठे आहे. महेश पोट धरून हसला. अगं, ही डिचोली, तुला रोज दिसते ती. कंडक्टरही हसला. दोन-चार उतारूही हसले. मुलीने पुन्हा पाटी पाहिली. पहिलं अक्षर बी. तो ब् म्हणतो. डिचोलीत ब कुठे आहे? आणि शेवटी तो एम कशाला उभा आहे?

“टीचर, तुमची अक्षरां फटींग आसत,” ती भिंतीला म्हणाली.

फटींग म्हणजे लबाड. सुलक्षाने जीभ चावली आणि तिला गप्प करायला गेली. मी तिला थांबवलं, कारण मुलीचं बरोबर होतं. मी तिला सांगितलं होतं की अक्षराचा आवाज ठरलेला असतो, त्याच्यावर विसंबून उडी मार. आणि तिने ज्या पहिल्या मोठ्या शब्दावर उडी मारली तो तिच्या रोजच्या ओळखीच्या गावाचा होता, आणि तिथेच तिचा पाय घसरला. तुमच्या मेलबर्नच्या मुलांनाही असा खड्डा कधीतरी लागतो. आमच्याकडे तो पाटीपाटीला आहे. पेडणं इंग्रजीत लिहिताना मध्ये आर, शेवटी एम. चोपड्याच्या शेपटीला एम. म्हापशात उच्चारात नसलेला यू. हे पोर्तुगिजांच्या कानांनी ऐकलेलं आपलं गाव आहे, एवढं मला माहीत होतं. शेवटचा एम हा आपला अनुनासिक, हेही सांगता आलं असतं. पण ड चा ब कसा झाला, ते मला माहीत नव्हतं, आणि सहा वर्षांच्या मुलीला यातलं काय सांगायचं तेही सुचेना. शाळा उघडायला थोडे दिवस राहिले होते. सुलक्षा माझ्याकडे बघत होती.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, अक्षरं लबाड नाहीत. कोणीतरी फार पूर्वी असं लिहून ठेवलं, का ते मला माहीत नाही.

टीचरला माहीत नाही, हे तिला नवीन होतं. ती भिंतीकडून वळली. बराच वेळ नखाने सोप्याचा रंग खरवडत बसली. मग आईला विचारलं, तिचं नाव समृद्धी कोणी ठेवलं. सुलक्षा म्हणाली, आत्याने. समृद्धीने विचारलं, मग मला बायो कोण म्हणतं? सगळेच म्हणतात, सुलक्षा म्हणाली, घरातलं नाव आहे ते. शाळेत म्हणतात का? नाही.

समृद्धी माझ्याकडे पाहून, समजूत घालावी तशी म्हणाली, “टीचर, बिचोलिम ह्यां डिचोलीचां शाळेतलां नाव.”

मी कदेलावरून, म्हणजे खुर्चीवरून, उठून आत गेले आणि उगाचच पाणी प्याले. साऱ्या नोकरीत मला या पाट्यांचं इतकं सरळ उत्तर मिळालं नव्हतं. गावाला घरातलं नाव असतं आणि शाळेतलं असतं, दोन्ही त्याचीच, एकावरून दुसऱ्याला हसायचं नसतं. बाहेर आले तेव्हा ती खडू घेऊन अंगणात गेली होती आणि पेडण्याचं शाळेतलं नाव काय ते आईला विचारत होती. आईलाही आता ते सांगता येत होतं. मी मध्ये पडले नाही.

शाळा उघडली त्या सकाळी सुलक्षाने मला बरोबर चलायला सांगितलं. आम्हाला वर्गाच्या मागच्या बाकावर बसवलं. वर्गाची टीचर तरुण होती, चांगली होती, पण तिला बरीच मुलं तपासायची होती. समृद्धीला पाठ नसलेलं काही हवं म्हणून तिने एका नव्या पुस्तकाचं सुटं पान काढलं, वरचं चित्र कागदाने झाकलं आणि वाच म्हणाली. मग दुसऱ्या मुलाचं नाव लिहायला वळली.

समृद्धीने पान घेतलं आणि ती काही बोललीच नाही.

सुलक्षाचा हात माझ्या मनगटावर आला आणि आवळत गेला. ती पुटपुटली, बोल गो, बोल. समृद्धीचे ओठ बंद. लंगडी नाही, पुटपुट नाही, बोटही ओळीवर नाही. तरुण टीचरने मान वर केली, वाट पाहिली, आणि हातातलं पेन समृद्धीच्या नावापुढे टेकवलं. पुढे काय लिहिलं जाणार ते आम्हा दोघींना कळलं. माझ्या तोंडावर आलं होतं, बाळ, मोठ्याने. तेवढ्यात मला तिचे डोळे दिसले.

ते डावीकडून उजवीकडे सरकत होते. कडेला पोहोचून टुणकन मागे येत होते, एक ओळ खाली. पुन्हा सरकत होते. तिला मोठ्याने वाचायला मी शिकवलं होतं. मनात वाचायला कोणी शिकवलं नव्हतं. ते शिकवता येत नाही. कधीतरी, बसमध्ये, उंबऱ्यावर, अंथरुणात, तिचं वाचणं ओठांवरून आत उतरलं होतं आणि आम्हाला कोणालाच त्याचा पत्ता नव्हता, तिलाही नसावा. मी सुलक्षाच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, गप, वाचतेय ती.

समृद्धी एकदम हसली. खुदकन, एकटीच, कागदाकडे बघून. तरुण टीचरने पेन खाली ठेवलं आणि कोंकणीत विचारलं, काय झालं.

“कोंबयेन टोपयेत आंडां घातल्यान,” समृद्धी म्हणाली, “आणि त्या माणसान ती टोपी डोक्यार घातल्यान.” तिने पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं. तिचा चेहरा पडला.

“फुडलां पान खंय आसा?”

तरुण टीचर पुस्तक आणायला कपाटाकडे गेली. तिला पुन्हा बालवर्गात बसवायचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.